केंद्रकी: रचना, कार्य आणि वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पेशीची आकृती काढताना केंद्रकाच्या आत एक गडद ठिपका द्यायचा, त्याला बाण जोडून ‘केंद्रकी’ असे लिहायचे, की बहुतेकांचा तिच्याशी संबंध संपतो. मात्र थोडे खोलात गेले की प्रश्न सुरू होतात. या ठिपक्याला आवरण का नाही? पेशी विभागताना तो जातो कुठे? कर्करोगाच्या तपासणीत त्याच्याकडे एवढे लक्ष का देतात? विद्यार्थी, शिक्षक आणि निव्वळ कुतूहलाने वाचणारे जे प्रश्न नेहमी विचारतात, ते इथे घेतले आहेत. काहींची उत्तरे दोन ओळींत संपतात, काहींची संपत नाहीत.

केंद्रकी म्हणजे नेमके काय?

दृश्यकेंद्रकी (म्हणजे पटलाने वेढलेले केंद्रक असलेल्या) पेशीच्या केंद्रकातला सर्वांत ठळक आणि दाट भाग म्हणजे केंद्रकी. ती आरएनए, प्रथिने आणि थोड्या डीएनएची बनलेली असते. रायबोसोम म्हणजे प्रथिने बनवणारे कण; त्यांचे दोन्ही उपघटक तयार करणे हे तिचे मुख्य काम. आकार पेशीगणिक बदलतो. शांत पेशीत ती जेमतेम एखाद्या मायक्रोमीटरची असते, तर झपाट्याने वाढणाऱ्या पेशीत केंद्रकाच्या आकारमानाचा चौथा हिस्सासुद्धा व्यापते.

केंद्रक आणि केंद्रकी यांत गोंधळ होतो. फरक कसा लक्षात ठेवायचा?

केंद्रक मोठे, दुहेरी पटलाचे, सगळी गुणसूत्रे पोटात घेतलेले. केंद्रकी त्याच्या आत, पटलाशिवाय. आकृतीत केंद्रकीभोवती ठळक गोल रेष ओढण्याची सवय मात्र सोडलेली बरी, कारण तिथे खरोखर कोणतीही रेष नसते. नुसता भरीव गडद ठिपका काढावा.

पटल नाही, तर ती विरघळून का जात नाही?

या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर मिळायला एकविसावे शतक उजाडावे लागले. केंद्रकी हा एक द्रव थेंब आहे, असे आता मानले जाते. काही प्रथिनांचे लांब भाग ठरावीक आकारात दुमडलेले नसतात. ते एकमेकांना आणि आरएनएला अनेक ठिकाणी सैलसर धरतात. अशा रेणूंची दाटी एका मर्यादेपलीकडे गेली की ते भोवतालच्या द्रवापासून वेगळे होऊन स्वतःचा थेंब बनवतात. या घटनेला प्रावस्था-विलगन म्हणतात.

२०११ मध्ये ब्रँगविन, मिचिसन आणि हायमन यांनी झेनोपस बेडकाच्या अंडपेशींमधल्या केंद्रकी तपासल्या. दोन केंद्रकी एकमेकींना टेकल्या की हळूहळू मिसळत आणि शेवटी एकच गोल होत, अगदी घट्ट द्रवाप्रमाणे. पुढे २०१६ मध्ये असे दिसले की केंद्रकीतली दोन प्रमुख प्रथिने, फायब्रिलारिन आणि न्यूक्लिओफॉस्मिन, परीक्षानळीतही वेगवेगळे थेंब बनवतात, आणि एकत्र आणली तर फायब्रिलारिनचा थेंब न्यूक्लिओफॉस्मिनच्या थेंबाच्या आत जाऊन बसतो. दोन्ही थेंबांचा पृष्ठताण वेगळा असल्यामुळे हे घडते. खऱ्या केंद्रकीतही थरांची मांडणी हीच आहे.

पटल नसण्याचा मोठा फायदा म्हणजे ये-जा सोपी होते. केंद्रकीतली बहुतेक प्रथिने तिथे कायमची मुक्कामाला नसतात. ती सतत आत-बाहेर करत असतात, आणि एखाद्या प्रथिनाचा केंद्रकीतला मुक्काम अनेकदा काही सेकंदांचाच असतो.

तिच्या आत कोणते भाग असतात?

इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली सस्तन प्राण्यांच्या केंद्रकीत तीन भाग दिसतात. सर्वांत आत फिकट तंतुमय केंद्रे असतात, आणि एका केंद्रकीत अशी केंद्रे अनेक असू शकतात. प्रत्येक केंद्राभोवती दाट तंतुमय भाग असतो. या सगळ्यांना वेढणारा आणि सर्वांत जास्त जागा घेणारा भाग म्हणजे कणमय भाग. त्यातले कण म्हणजे अर्धवट तयार झालेले रायबोसोमचे उपघटक. यीस्टच्या केंद्रकीत साधारणपणे दोनच भाग ओळखता येतात. केंद्रकीच्या बाहेरच्या कडेला घट्ट गुंडाळलेल्या क्रोमॅटिनची (डीएनए आणि प्रथिने यांच्या गुंफणीची) किनार असते.

ही तीन नावे पाठ करण्यापेक्षा त्यांचा क्रम समजून घेणे जास्त उपयोगाचे आहे. आतून बाहेर येताना आपण रायबोसोम बनण्याच्या टप्प्यांमधूनच चालत असतो.

मग ते टप्पे सांगा. रायबोसोम बनतो कसा?

सुरुवात तंतुमय केंद्र आणि दाट भाग यांच्या सीमेवर होते. तिथे रायबोसोमल आरएनएच्या जनुकांवर आरएनए पॉलिमरेझ-१ हे विकर (एन्झाइम) बसते. पेशीत हजारो प्रकारची जनुके असली तरी हे विकर जवळजवळ पूर्णपणे या एकाच कामाला वाहिलेले आहे. ते मानवी पेशीत सुमारे १३,००० न्यूक्लिओटाइडांचा (आरएनएच्या साखळीतल्या एककांचा) एक लांब आरएनए धागा तयार करते. पुढे ज्या तीन आरएनए उपयोगी पडणार आहेत, त्या तिन्ही या एकाच धाग्यात ओळीने असतात: १८एस, ५.८एस आणि २८एस (‘एस’चा अर्थ पुढे येतो).

धागा दाट तंतुमय भागात आला की त्याच्यावर संस्कार सुरू होतात. स्नो-आरएनए नावाचे छोटे आरएनए त्याच्यावर नेमक्या ठिकाणी जोडले जातात आणि सोबतच्या विकरांना जागा दाखवतात. एका गटातले स्नो-आरएनए मिथिल गट कुठे लावायचा ते ठरवतात, तर दुसऱ्या गटातले युरिडीन या एककाचे स्यूडोयुरिडीन हे बदललेले रूप कुठे करायचे ते. मानवी रायबोसोमल आरएनएत या दोन्ही प्रकारचे बदल प्रत्येकी शंभरच्या आसपास जागी होतात. ज्या फायब्रिलारिनचा वर उल्लेख आला, ते मिथिल गट लावणारेच विकर आहे.

त्यानंतर कापाकापी. तिन्ही उपयोगी तुकडे मिळून सुमारे ७,१०० न्यूक्लिओटाइडांचे होतात, म्हणजे मूळ धाग्याचा निम्म्याला थोडा कमी भाग कापून टाकून दिला जातो. ही उधळपट्टी वाटते खरी, पण टाकून दिलेले भागच धाग्याची घडी योग्य क्रमाने पडायला मदत करतात आणि काम अर्धवट असताना रायबोसोमला चुकून सुरू होऊ देत नाहीत.

याच वेळी सुमारे ८० रायबोसोमल प्रथिने जोडली जात असतात. ही प्रथिने पेशीद्रव्यात, आधीच्या रायबोसोमवर बनतात, तिथून केंद्रकात येतात, नव्या रायबोसोममध्ये बसतात आणि त्याच्याबरोबर पुन्हा पेशीद्रव्यात जातात. जुळणीसाठी याशिवाय २०० हून अधिक मदतनीस प्रथिने लागतात, पण ती तयार रायबोसोममध्ये राहत नाहीत. एक चौथी आरएनए, ५एस, मात्र बाहेरून आणावी लागते. तिची जनुके मानवात पहिल्या गुणसूत्रावर आहेत आणि तिला आरएनए पॉलिमरेझ-३ हे विकर बनवते.

कणमय भागात आकार घेतलेले लहान (४०एस) आणि मोठे (६०एस) उपघटक केंद्रक-छिद्रांमधून वेगवेगळे बाहेर पडतात. लहान उपघटक तुलनेने लवकर निघतो, पण त्याच्या १८एस आरएनएचा शेवटचा काप पेशीद्रव्यातच पडतो. ‘केंद्रकीत रायबोसोम पूर्ण तयार होतो’ हे विधान म्हणून तंतोतंत खरे नाही. पूर्ण रायबोसोम तयार होतो तो प्रथिन बनवण्याच्या जागी, दोन्ही उपघटक संदेशवाहक आरएनएवर एकत्र आल्यावर.

४० आणि ६० मिळून १०० व्हायला हवेत. मग रायबोसोमला ८०एस का म्हणतात?

एस म्हणजे स्वेडबर्ग. अतिवेगाने फिरवल्यावर कण किती लवकर खाली बसतो, याचे ते माप आहे. ते वजनाबरोबर आकारावरही अवलंबून असते, त्यामुळे त्याची साधी बेरीज होत नाही.

काही पुस्तकांत मूळ आरएनए ४५एस आहे, काहींत ४७एस. बरोबर कोणते?

दोन्ही. ४७एस हा अगदी पहिला धागा. त्याची टोके थोडी कापली गेली की ४५एस उरतो. ४७एस फार थोडा वेळ टिकत असल्यामुळे जुन्या प्रयोगांत प्रामुख्याने ४५एसच हाती लागत असे.

पेशीला इतके रायबोसोम कशाला हवेत?

पेशी विभागायची म्हणजे आधी जवळजवळ सगळी प्रथिने दुप्पट करायची, आणि प्रत्येक प्रथिन रायबोसोमवरच बनते. जोमाने वाढणाऱ्या यीस्टच्या एका पेशीत सुमारे दोन लाख रायबोसोम असतात. साधारण १०० मिनिटांत ती विभागते, म्हणजे तिला दर मिनिटाला २,००० नवे रायबोसोम बनवावे लागतात. सस्तन प्राण्यांच्या पेशीत एकूण रायबोसोमची संख्या कोटीच्या घरात जाऊ शकते. पेशीतल्या एकूण आरएनएपैकी सुमारे ८० टक्के रायबोसोमल आरएनएच असते, यावरून या कामाचा पसारा लक्षात यावा.

एवढा आरएनए एका जनुकापासून कसा पुरतो?

पुरत नाहीच, म्हणून त्या जनुकाच्या शेकडो प्रती असतात. मानवात त्या १३, १४, १५, २१ आणि २२ या गुणसूत्रांच्या आखूड बाहूंवर एकापाठोपाठ एक रांगेत असतात. एकूण प्रती साधारण २०० ते ६०० असतात, आणि ही संख्या माणसामाणसांत वेगळी असते. गुणसूत्रांवरच्या या पट्ट्यांना केंद्रकी संघटक प्रदेश म्हणतात. सगळ्या प्रती एकाच वेळी चालू नसतात. बऱ्याचशा बंद ठेवलेल्या असतात.

या प्रदेशाचा शोध मक्यात लागला. १९३४ मध्ये बार्बरा मॅक्लिंटॉक यांनी दाखवले की मक्याच्या सहाव्या गुणसूत्रावरच्या एका ठरावीक जागीच केंद्रकी तयार होते. त्यांच्याकडे असा एक वाण होता, ज्यात नेमका हा प्रदेश तुटून त्याचे दोन तुकडे वेगवेगळ्या गुणसूत्रांवर गेले होते. दोन्ही तुकड्यांनी स्वतंत्र केंद्रकी बनवल्या! रायबोसोम हा कणच तेव्हा कुणाला ठाऊक नव्हता, तो इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली १९५० च्या दशकात दिसला. त्या काळात केवळ साधा सूक्ष्मदर्शक आणि तर्क यांच्या जोरावर काढलेला हा निष्कर्ष मला आजही थक्क करतो.

केंद्रकी पहिल्यांदा कुणी पाहिली?

फेलिचे फोंटाना यांनी १७८१ मध्ये ईल माशाच्या त्वचेवरील पेशींचे वर्णन करताना केंद्रकातल्या ठिपक्याची नोंद केली. १८३० च्या दशकात रुडॉल्फ वाग्नर आणि गाब्रिएल व्हॅलेंटिन यांनी तिचे अधिक स्पष्ट वर्णन केले. तिचे काम काय, हे कळायला मात्र आणखी सव्वाशे वर्षे गेली.

ती रायबोसोमल आरएनए बनवते, हे सिद्ध कसे झाले?

एका सदोष बेडकामुळे. १९५० च्या दशकात ऑक्सफर्डमध्ये झेनोपसचा एक असा प्रकार सापडला, ज्याच्या पेशींत दोनऐवजी एकच केंद्रकी दिसे. अशा दोन बेडकांचा संकर केला, तर एक चतुर्थांश भ्रूणांत केंद्रकी मुळीच नसे. ही भ्रूणे लगेच मरत नसत. ती डोळे, शेपटी असलेल्या पोहणाऱ्या डिंभकापर्यंत वाढत आणि मग दगावत.

१९६४ मध्ये डोनाल्ड ब्राउन आणि जॉन गर्डन यांनी दाखवले की ही भ्रूणे नवा रायबोसोमल आरएनए अजिबात बनवत नाहीत. मग ती इतके दिवस जगत कशी? तर आईने अंड्यात साठवून दिलेल्या रायबोसोमवर. ती शिदोरी संपली की वाढ थांबे. त्यानंतर दोनच वर्षांत फळमाशीवरच्या प्रयोगांनी रायबोसोमल जनुके केंद्रकी संघटक प्रदेशातच असल्याचे दाखवले. १९६९ मध्ये मिलर आणि बीटी यांनी जलसरड्याच्या अंडपेशीतली ही जनुके काम करतानाच टिपली: मधोमध डीएनएचा धागा आणि त्याच्या दोन्ही बाजूंना क्रमाने लांब होत गेलेले आरएनए. तेव्हापासून या चित्राला ख्रिसमस ट्री असेच म्हणतात.

एका केंद्रकात किती केंद्रकी असतात?

ठरावीक आकडा नाही. मानवी पेशीत केंद्रकी संघटक प्रदेश दहा (पाच गुणसूत्रांच्या दोन-दोन प्रती) असल्यामुळे विभाजनानंतर दहापर्यंत छोट्या केंद्रकी उगवू शकतात. पण त्या द्रव असल्याने लवकरच एकमेकींत मिसळतात आणि बहुधा एक ते तीन-चार उरतात. अपवाद पाहायचा तर झेनोपसची अंडपेशी पाहा. पुढच्या भ्रूणाची सगळी सोय आधीच करून ठेवायची असल्याने ती रायबोसोमल जनुकांच्या गुणसूत्रापासून सुट्या असंख्य प्रती काढते, आणि तिच्या केंद्रकात हजाराहून जास्त केंद्रकी तरंगतात.

पेशीविभाजनात ती नाहीशी होते म्हणजे नेमके काय होते?

विभाजन सुरू होताना सायक्लिन या प्रथिनासोबत काम करणारे सीडीके-१ हे विकर आरएनए पॉलिमरेझ-१ च्या यंत्रणेला थांबवते. नवा आरएनए येणे बंद झाले की थेंबाला धरून ठेवणारे कारणच उरत नाही, आणि पूर्वावस्था संपेपर्यंत केंद्रकी विस्कटते. तिचा माल मात्र नष्ट होत नाही. काही प्रथिने पेशीद्रव्यात पसरतात, काही गुणसूत्रांच्या पृष्ठभागावर थर करून राहतात. यूबीएफ नावाचे प्रथिन तर संघटक प्रदेशावरच चिकटून बसते. त्यामुळेच घट्ट झालेल्या गुणसूत्रावर ती जागा आक्रसलेली दिसते, जिला दुय्यम संकोच म्हणतात. अंत्यावस्थेत पॉलिमरेझ पुन्हा सुरू होते आणि त्याच जागांवर केंद्रकी उगवतात.

‘रायबोसोमचा कारखाना’ हे वर्णन बरोबर आहे का?

परीक्षेत जरूर लिहा, गुण मिळतील. पण कारखाना काम बंद असले तरी उभा असतो, केंद्रकी नसते. अ‍ॅक्टिनोमायसिन-डी हे औषध अगदी कमी मात्रेत दिले, तर प्रामुख्याने पॉलिमरेझ-१ चेच काम थांबते. थोड्याच वेळात केंद्रकी आक्रसते, तिचे थर एकमेकांपासून सुटतात आणि तंतुमय भाग टोप्यांसारखे कडेला सरकतात. केंद्रकी ही काम करण्याची जागा नसून चालू असलेले कामच आहे, असे म्हणणे वस्तुस्थितीच्या जास्त जवळ जाते. तिचे आकारमान पेशीच्या लगबगीबरोबर का बदलते, ती विभाजनात का विरते आणि पटलावाचून कशी टिकते, या तिन्ही गोष्टी मग वेगवेगळ्या लक्षात ठेवाव्या लागत नाहीत.

रायबोसोमखेरीज तिची आणखी कामे आहेत का?

आहेत, आणि बरीच. २००२ मध्ये मानवी केंद्रकी वेगळ्या काढून तपासल्या तेव्हा २७१ प्रथिने सापडली. तीन वर्षांत ही यादी ७०० च्या आसपास गेली. त्यांपैकी अनेकांचा रायबोसोमशी थेट संबंध नाही.

एक काम म्हणजे प्रथिने अडकवून ठेवणे. यीस्टमध्ये सीडीसी-१४ हे प्रथिन विभाजनाचा शेवट घडवून आणते. ते वेळेआधी सुटले तर घोटाळा होईल, म्हणून एरवी ते केंद्रकीत डांबलेले असते आणि गुणसूत्रे वेगळी होऊ लागल्यावरच सोडले जाते. दुसरे काम प्रथिनांच्या देखभालीचे. उष्णतेच्या ताणात घडी बिघडलेली काही प्रथिने कणमय भागात तात्पुरती ठेवली जातात आणि ताण सरल्यावर सावरली जातात, असे २०१९ मध्ये दिसून आले. प्रथिनांना योग्य पटलाकडे नेणाऱ्या संकेत-ओळख कणाच्या जुळणीतही केंद्रकीचा वाटा आहे. विषाणूही तिचा फायदा घेतात. एचआयव्हीची रेव्ह आणि टॅट ही प्रथिने केंद्रकीत गोळा होतात.

तिच्या कामात बिघाड झाला तर?

पेशीला ते लगेच कळते. एरवी एमडीएम-२ हे प्रथिन पी-५३ ला सतत नष्ट करत असते. पी-५३ म्हणजे पेशीचे विभाजन थांबवणारे किंवा तिला मरायला लावणारे प्रथिन. रायबोसोमची जुळणी अडली की एल-५ आणि एल-११ ही रायबोसोमल प्रथिने ५एस आरएनएसह रिकामी उरतात आणि एमडीएम-२ ला जाऊन धरतात. पी-५३ साचते आणि पेशी थांबते. याला केंद्रकीय ताण म्हणतात.

या यंत्रणेचे परिणाम काही जन्मजात आजारांत दिसतात. डायमंड-ब्लॅकफॅन रक्तक्षयात रायबोसोमल प्रथिनांची जनुके सदोष असतात (पहिले, आरपीएस-१९, १९९९ मध्ये सापडले) आणि तांबड्या पेशी पुरेशा बनत नाहीत. ट्रीचर कॉलिन्स सिंड्रोममध्ये रायबोसोमल आरएनए बनवण्यासाठी लागणारे प्रथिन कमी पडते आणि चेहऱ्याची हाडे नीट वाढत नाहीत. रायबोसोम सगळ्याच पेशींना लागतात, मग फटका ठरावीक अवयवांनाच का, हा प्रश्न साहजिक आहे. उत्तराचा एक भाग असा की चेहरा घडवणाऱ्या भ्रूणपेशी अतिशय वेगाने विभागत असतात आणि पी-५३ वाढले की त्या मरतात. या आजाराच्या उंदरांमध्ये पी-५३ रोखल्यावर चेहऱ्यातले दोष टळले, हे २००८ मध्ये दाखवले गेले.

बायोप्सीच्या अहवालात ‘ठळक केंद्रकी’ लिहिले आहे. म्हणजे कर्करोगच का?

नाही. ठळक केंद्रकी एवढेच सांगते की पेशी जोरात प्रथिने बनवण्याच्या तयारीत आहे. भरून येणारी जखम, पुन्हा वाढणारे यकृत, संसर्गाशी लढायला सज्ज झालेल्या लसीकापेशी, या सगळ्यांत ती मोठी दिसते. कर्करोगाच्या पेशींतही दिसते, कारण त्याही अखंड वाढतात. निदान करताना विकृतितज्ज्ञ केंद्रकाचा आकार, पेशींची मांडणी आणि इतर खुणा एकत्र पाहतात. मूत्रपिंडाच्या एका प्रमुख कर्करोगात मात्र केंद्रकीला थेट मान आहे. पेशी ४०० पट मोठ्या करूनही ती जेमतेम दिसत असेल तर पहिली श्रेणी, ४०० पटीत ठळक दिसली तर दुसरी, आणि १०० पटीतच डोळ्यांत भरली तर तिसरी. चौथी श्रेणी पेशींच्या टोकाच्या विद्रूपतेवरून ठरते. अहवालाचा अर्थ अर्थातच आपल्या डॉक्टरांकडूनच समजून घ्यावा.

जीवाणूंत केंद्रकी असते का? आणि तांबड्या रक्तपेशींत?

जीवाणूंना केंद्रकच नाही, त्यामुळे केंद्रकीही नाही. ते रायबोसोम पेशीद्रव्यातच बनवतात. माणसाच्या पक्व तांबड्या पेशीतून केंद्रक बाहेर टाकलेले असते, म्हणून तिथेही नाही.

शाळेच्या सूक्ष्मदर्शकाखाली दिसेल का?

कांद्याच्या पापुद्र्यात आयोडीन वापरून, प्रकाश थोडा कमी करून पाहिले तर केंद्रकात एक-दोन गडद ठिपके दिसतात. गालाच्या आतून खरवडलेल्या पेशींत शोधण्यात वेळ घालवू नये, त्या झडण्याच्या बेतातल्या असतात. प्रयोगशाळेत चांदीच्या क्षारांचे रंजन वापरतात. संघटक प्रदेशाशी जोडलेली काही प्रथिने चांदी धरून ठेवतात आणि ठिपके काळे होतात.

केंद्रकीचा वार्धक्याशी संबंध आहे, हे खरे का?

संबंध दिसतो, पण त्यातले कारण कोणते आणि परिणाम कोणता हे अजून उलगडायचे आहे. १९९७ मध्ये यीस्टमध्ये असे आढळले की वय वाढताना रायबोसोमल जनुकांची वर्तुळे गुणसूत्रातून सुटून साचतात आणि पेशीचे आयुष्य कमी करतात. २०१७ मध्ये दीर्घायुषी कृमी, माश्या आणि उंदीर यांच्या पेशींत केंद्रकी लहान असल्याचे दिसले. त्याच वर्षी उलट बाजूही समोर आली: अकाली वार्धक्य आणणाऱ्या प्रोजेरिया आजारात केंद्रकी फुगलेल्या असतात.

मानवी जनुकसंच २००३ मध्येच पूर्ण झाला ना? मग केंद्रकीची जनुके तेव्हाच वाचली असतील?

नाही. एकसारख्या प्रतींच्या लांबच लांब रांगा जुन्या पद्धतीने जुळवता येत नसत, त्यामुळे पाचही गुणसूत्रांचे आखूड बाहू नकाशात कोरेच राहिले होते. लांब तुकडे सलग वाचणारे तंत्र आल्यावर, २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संपूर्ण क्रमात ते पहिल्यांदा भरले गेले.